दुभत्या गाईच्या लाथा कोणी खायच्या? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन,
बोस्टन

सन्माननीय संचालकहो,

पत्र लिहायला बसलो आणि पत्त्यापाशीच अडलो. माझ्या संगणकात ‘५१ फ्रँकलिन स्ट्रीट, पाचवा मजला’ एवढं शोधलं तरी फाइलींचा ढीग निघतो. तुमच्या जीपीएल परवान्याखाली, म्हणजे वापरा, बदला, वाटा अशा मोकळिकीवर, दिलेल्या प्रोग्रामच्या माथ्यावर ती ओळ असायचीच: परवान्याची प्रत मिळाली नसेल तर या पत्त्यावर लिहा. जरा जुन्या फाइलींत टेम्पल प्लेसचा पत्ता सापडतो, त्याहून जुन्यांत केंब्रिजच्या मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूचा. २०२४ मध्ये तुम्ही फ्रँकलिन स्ट्रीटचं कार्यालय बंद केलं आणि तुमची मंडळी घरून काम करू लागली. बिऱ्हाड हललं, दारावरची पाटी मात्र जगभरच्या डिस्कांवर तशीच लटकते आहे. मग टपालाने पाठवण्यापेक्षा खुलंच लिहावं म्हटलं. तुमच्यातल्या कोणाला मराठी येत असेल असं मी धरून चाललेलो नाही. पण ज्यांच्यासमोर हे म्हणायचं आहे ते लोक मराठी वाचतात, आणि माझ्या तक्रारीतला निम्मा भाग त्यांच्याबद्दलच, म्हणजे आमच्याबद्दलच आहे.

मी कोण? पुण्यात राहतो. रात्री जेवणं आटोपली की मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्यांचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा प्रोग्रामचे, संदेश मराठीत आणतो. ‘फाइल जतन करायची का?’ असं तुमच्या पडद्यावर मराठीत दिसत असेल तर त्यामागे माझ्यासारखे पंधरा-वीस फुकटे असतात. आमचं काम गेटटेक्स्ट नावाच्या ज्या भाषांतराच्या साधनावर चालतं तेही तुमच्याच ग्नू प्रकल्पाचं अपत्य. तुमची वार्षिक वर्गणी मी भरतो, त्याबद्दल मला सभासद म्हणतात. मत मला नाही. वर्गणीदार सभासद वेगळे आणि संचालक निवडणारे मतदार सभासद वेगळे, हे तुमच्या संस्थेचं जुनं गणित.

आता मुद्द्याचं.

१६ सप्टेंबर ही तारीख आमच्या या जगात विचित्र आहे. २०१८ साली याच दिवशी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, नव्या चाचणी आवृत्तीची घोषणा करता करता माफी मागितली. मेलमधून लोकांवर तोंडसुख घेत आलो ते चुकलंच, लोकांच्या भावना मला समजत नाहीत, त्यासाठी मदत घेतो आणि काही दिवस बाजूला होतो, अशा अर्थाचं ते पत्र होतं. त्याच सुमारास कर्नलला नवी आचारसंहिता लागू झाली. महिन्याभराने, २२ ऑक्टोबरला, ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली आणि किल्ल्या परत टोरवाल्ड्सच्या हाती दिल्या. टोरवाल्ड्स काही संत झाले नाहीत. आजही एखाद्या पॅचला, म्हणजे कोणी पाठवलेल्या कोडबदलाला, ते कचरा म्हणतात. पण म्हणतात ते पॅचला.

बरोबर वर्षाने, १६ सप्टेंबर २०१९ ला, तुमच्या संस्थेचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी अध्यक्षपद आणि संचालकपद सोडलं. एमआयटी विद्यापीठातली जागाही सोडली. मुलींच्या लैंगिक शोषणाच्या एपस्टीन प्रकरणात एमआयटीचे दिवंगत संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांच्यावर आरोप होता. त्यासंबंधी विद्यापीठातल्या अंतर्गत मेलमध्ये, त्या मुलीने मिन्स्कींसमोर आपण राजीखुशीने आलो आहोत असंच दाखवलं असण्याची शक्यता जास्त, असं स्टॉलमन यांनी लिहिलं होतं. काही बातम्यांत ते वाक्य अर्धं तोडून छापलं गेलं आणि त्यांनी पीडितेलाच ‘राजी’ म्हटलं असं पसरलं. त्यांची बाजू घेणारे हे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या एका मेलवरून आभाळ कोसळलं असं जे म्हणतात ते त्याआधीची वर्षं गिळून टाकतात. त्यांच्या भाषणांच्या शेवटी एक नकल असायची. अंगात झगा, डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी प्रभावळीसारखी, आणि ‘ईमॅक्स पंथाचे संत’ म्हणून आशीर्वाद (ईमॅक्स म्हणजे त्यांनी लिहिलेला मजकूर-संपादक). २००९ च्या जुलैत ग्रान कनारियाच्या संमेलनात या नकलेत, जिने कधी ईमॅक्स वापरला नाही ती ‘ईमॅक्स कुमारिका’ आणि तिला दीक्षा देणं हे आपलं पुण्यकर्म, असा विनोद झाला. तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या, त्या तुमच्यापर्यंत पोचल्या नसतील असं मला वाटत नाही.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. तिचा स्टॉलमन यांच्याशी काही संबंध नाही.

आमच्या भाषांतराच्या एका गटात एक म्होरके होते. माणूस कामाचा. मराठीचे निम्मे संदेश एकट्याने ओढलेले, रात्री दोनला मेल टाका, अडीचला उत्तर हजर. त्या सुमारास तालुक्याच्या कॉलेजातली एक मुलगी गटात आली. घरी संगणक नव्हता, नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून ती काम करायची. पीओ फाइल ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: वरच्या ओळीत मूळ इंग्रजी, खालच्या ओळीत अवतरणचिन्हांत रिकामी जागा, आणि अशा शेकडो जोड्या. एका वरच्या ओळीत नुसतंच ‘अबॉर्ट’ होतं. मागेपुढे काही संदर्भ नाही. तिने शब्दकोश उघडला आणि खाली लिहिलं, ‘गर्भपात करा’.

हसू येईल, यावं. ही चूक अशी आहे की एक जण हळूच ‘रद्द करा’ सुचवतो आणि पुढे सगळे मिळून चहावर हसतात, तीसुद्धा. म्होरक्यांनी ती ओळ महिन्याच्या बैठकीत प्रोजेक्टरवर लावली. तीस-पस्तीस माणसं, पहिल्या रांगेत ती. आणि ते म्हणाले, “काय हो बाई, संगणकाला दिवस गेलेत का?”

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात तिची दुरुस्त केलेली फाइल आली. ‘रद्द करा’ होतं, बाकीचंही नीट होतं. त्यानंतर काहीच आलं नाही. गटातल्या एकाने म्होरक्यांना निदान दोन शब्द सांगा म्हणून धरलं, तेव्हा आमचं उत्तर ठरलेलं: ते नाराज झाले तर मराठी अर्धवट राहील. दीड-दोन वर्षांनी त्यांना बंगळुरूला चांगली नोकरी लागली, त्यांनी हे सगळं सोडलं, आणि मराठी अर्धवटच राहिलं. तिची फाइल माझ्याकडे अजून आहे. माथ्यावर ‘शेवटचा भाषांतरकार’ अशी नोंद असते, तिथे तिचं नाव आणि एक तारीख आहे.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणीत एक गोष्ट झाकलेली आहे: दूध पिणारा एक असतो आणि लाथ खाणारा दुसराच. गोडव्याचा निवाडा नेहमी दूध पिणारा देतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर जमाखर्च आणखी एकतर्फी होतो, कारण ज्याने केलं त्याचं सगळं नोंदलेलं असतं, तारीखवार, ओळवार. जो सोडून गेला त्याने न पाठवलेल्या पॅचची नोंद कुठेच नसते. म्हणून ‘त्यांचं योगदान बघा’ म्हणणाऱ्याकडे पुरावा तयार असतो आणि समोरच्याच्या हाती काही नसतं.

अबॉर्ट हा शब्दच अपशकुनी दिसतो. २०१८ च्या मे महिन्यात ग्नूच्या सी लायब्ररीच्या, म्हणजे असंख्य प्रोग्राम ज्यावर उभे आहेत त्या कोडसंग्रहाच्या, माहितीपुस्तिकेत याच नावाच्या फंक्शनखाली असलेला एक जुना राजकीय विनोद काढायचं सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात होतं. स्टॉलमन यांनी प्रकल्पप्रमुखाच्या अधिकारात तो राहू द्या म्हणून आग्रह धरला. त्या लायब्ररीचा कोड ते रोज सांभाळत नव्हते. विनोद चांगला की वाईट हा वाद मी घालत नाही. अंतिम शब्द कोणाचा, याचं उत्तर लिहून ठेवलेलं नसलं की विनोदावरूनही आठवडेच्या आठवडे मारामारी चालते, एवढंच मी त्यातून घेतलं.

आणि मग २१ मार्च २०२१. तुमच्या लिबरप्लॅनेट संमेलनात भाषण करताना स्टॉलमन यांनी स्वतःच सांगून टाकलं की मी पुन्हा संचालक मंडळावर आहे, आणि दुसऱ्यांदा राजीनामा द्यायचा विचार नाही. संमेलन भरवणाऱ्या तुमच्याच कर्मचाऱ्यांना, वक्त्यांना, प्रायोजकांना ते जाहीर झाल्यावरच कळलं. ते कर्मचाऱ्यांनी उघड सांगितलंही.

संचालकहो, आमच्या पुण्यात साध्या गृहनिर्माण सोसायटीत, जिथे पाण्याच्या टाकीवरून वर्षभर भांडणं चालतात, तिथेही राजीनामा दिलेला चेअरमन समितीवर परत घ्यायचा तर सभेची नोटीस फलकावर लागते, विषयपत्रिका निघते, इतिवृत्त लिहिलं जातं. लोक जिन्यात शिव्या घालतील, पण काय झालं ते वहीत असतं. प्रोग्रामचा प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला हे उघड असावं असं जगाला शिकवणारी तुमची संस्था. तिने आपल्या मंडळातला सर्वांत मोठा बदल कोणालाही न दाखवता केला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना आणि पूर्ण मंडळाला हटवा म्हणणाऱ्या पत्रावर तीन हजारांहून जास्त सह्या पडल्या, त्यांच्या पाठिंब्याच्या पत्रावर सहा हजारांहून जास्त. रेड हॅट या लिनक्स कंपनीने निधी थांबवला. कॅट वॉल्श मंडळातून बाहेर पडल्या, कार्यकारी संचालक जॉन सलिव्हन यांनीही पद सोडलं. १२ एप्रिलला तुम्ही निवेदन काढलं, बातमी फार वाईट रीतीने हाताळली याची जबाबदारी घेतली, आणि त्यांचं शहाणपण संस्थेला हवं आहे म्हणून त्यांना परत घेतलं असं सांगितलं. स्टॉलमन यांनीही त्याच दिवशी लिहिलं की समोरच्याच्या मनातलं आपल्याला चटकन कळत नाही, त्यातून लोक दुखावले. ते मला प्रामाणिक वाटलं. दीड वर्ष आधी, परत येण्यापूर्वी, आलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

दोन्हींपैकी एकाही पत्रावर मी सही केली नाही. पहिल्यात मागण्या इतक्या एकात एक गुंफल्या होत्या की एक पटली तरी दुसरी गिळावी लागायची. दुसऱ्यात हा सगळा प्रश्न मतस्वातंत्र्याचा करून टाकला होता. मत बाळगायला कोणी मनाई केलेली नाही. संचालकाची खुर्ची हा मताचा हक्क नव्हे, ती नेमणूक आहे, आणि नेमणुकीला जाब असतो. मला विचाराल तर स्टॉलमन यांनी मंडळावर नसावं. ग्नूचं काम करावं, भाषणं द्यावीत, १९८३ साली ज्या माणसाने एकट्याने एवढं मोठं काम अंगावर घेतलं त्याचं नाव कोणी पुसू शकत नाही. २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या कर्करोगाबद्दल सांगितलं, तेव्हा मलाही घरातलं कोणी आजारी पडावं तसं वाटलं होतं. खुर्चीचा हिशोब मात्र वेगळा.

हटवणं दुसरीकडे कसं झालं तेही पाहा. सगळं काही छान झालं असं नाही.

कर्नलमध्ये बीकॅशएफएस या फाइल प्रणालीचे (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेचे) केंट ओव्हरस्ट्रीट यांनी एका सहकाऱ्याला मेलमध्ये शिवीगाळ केली होती, आणि जाहीर माफीचा आग्रह त्यांनी मानला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आचारसंहिता समितीने शिफारस केली, तांत्रिक सल्लागार मंडळाने मान्य केली: ६.१३ या एका आवृत्तीपुरतं त्यांचं काम घेतलं जाणार नाही. कोणी ठरवलं, कशासाठी, किती दिवस, तिन्ही उत्तरं एका निवेदनात. पुढे नियमांवरून टोरवाल्ड्सशी त्यांची खडाजंगी चालूच राहिली आणि ६.१८ मध्ये ती फाइल प्रणालीच कर्नलबाहेर गेली. तिच्या भरवशावर ज्यांनी आपल्या डिस्का बांधल्या होत्या त्यांना आता ती वेगळी बसवावी लागते. हटवण्याची किंमत हटवलेला माणूस एकटा भरत नाही, हे मला मान्य आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी २०१८ च्या जुलैत ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ ही पदवी खाली ठेवली आणि पाच जणांची निवडून येणारी परिषद आली. तिच्यावर अविश्वास ठराव दोनतृतीयांश मतांनी आणता येतो, आणि एका कंपनीचे दोनांपेक्षा जास्त लोक तिच्यात बसू शकत नाहीत. याच परिषदेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये टिम पीटर्स यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पीटर्स म्हणजे टिमसॉर्ट ही याद्या क्रमाने लावायची पद्धत लिहिणारे, पायथनच्या पायातला दगड. त्यांच्यावरचे काही आक्षेप वाचून मला तर हसूच आलं, आणि निर्णय चुकला असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण चुकला असं कोणाला म्हणायचं हे ठाऊक होतं, मुदत ठरलेली होती, आणि पुढच्या निवडणुकीत परिषद बदलता येत होती.

रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत उलटं झालं. २२ नोव्हेंबर २०२१ ला त्यांच्या नियामक पथकाने एकगठ्ठा राजीनामे दिले, कारण वरच्या कोअर टीमला जाब विचारायची सोयच नव्हती. खालच्यांना शिट्टी मारायची आणि वरच्यांपुढे ती खिशात घालायची, असं पंच कुठवर करणार? २०२३ मध्ये तिथे नेतृत्वाची घडीच नवी बसली. निक्सओएस या लिनक्स प्रणालीत तिचे जनक एल्को डोल्स्ट्रा २०२४ च्या वसंतात मंडळातून बाजूला झाले, त्याच वर्षाअखेर निवडून आलेली सुकाणू समिती आली. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर प्रकल्पात २०१६ साली जेकब अ‍ॅपलबॉम या कार्यकर्त्यावरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांनंतर चौकशी झाली, आणि जुलैत अख्ख्या मंडळाने नवं मंडळ निवडून स्वतः खुर्च्या रिकाम्या केल्या. तुमच्याकडे पूर्ण मंडळ जा म्हणणं म्हणजे जगावेगळी मागणी, असं समजू नका.

आणि डेबियन, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तुमच्याच प्रकरणावर काय भूमिका घ्यायची यासाठी त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये रीतसर मतदान घेतलं, आणि कौल लागला की प्रकल्प म्हणून काहीच निवेदन काढायचं नाही. त्या मतदानातली मला सर्वांत लागलेली गोष्ट निकाल नव्हे. अशा ठरावावर कोणी काय मत दिलं ते तेव्हा नंतर नावासकट प्रसिद्ध होत असे. स्टॉलमन यांच्या बाजूने दिलं तरी भीती, विरोधात दिलं तरी भीती. पुढच्या वर्षी डेबियनने आपली घटना बदलून अशी मतं गुप्त केली. उघडपणाचं व्रत घेतलेल्या लोकांना आपल्याच माणसांपासून मतपत्रिका झाकावी लागली. सह्यांच्या मोजणीने माणसं हटवायची किंवा राखायची ठरली की हे असंच होणार. सहा हजार तीन हजारांपेक्षा जास्त, म्हणून काय सिद्ध झालं? सही करणाऱ्यात सभासद किती, कोणी एक ओळ तरी लिहिली होती का, काही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, हा पुण्यातला भाषांतरकार आमच्या खुर्च्यांत एवढं का लक्ष घालतो. कारण तुमच्या परवान्यातले चार शब्द: ‘किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती’. असंख्य प्रोग्राम ‘जीपीएल तिसरी किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती’ या अटीवर वाटले गेले आहेत. तिसरी आवृत्ती २००७ ची. चौथी कधी निघाली तर ती प्रसिद्ध करणारे तुम्ही. ज्यांनी ही ओळ लावली त्यांनी तुमच्या हाती कोरा धनादेश सही करून दिलेला आहे, माझ्यासकट. धनादेश दिलेल्या माणसाने तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे विचारलं तर त्याला भोचक म्हणू नये. जीसीसीने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या ग्नूच्या कंपायलर प्रकल्पाने, २०२१ च्या जूनमध्ये, मार्चच्या त्या वादळानंतर लगेच, योगदानाचे हक्क फाउंडेशनच्या नावे करून देण्याची अट उठवली. ज्यांच्या हाती काही काढून घेण्यासारखं होतं त्यांनी ते असं हळूच काढून घेतलं.

कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीला तुम्ही २०२१ मध्ये मंडळावर घेतलंत, ते चांगलं केलंत. उमेदवारांबद्दल वर्गणीदारांचं म्हणणं पुढे विचारू लागलात, तेही. पण म्हणणं विचारणं वेगळं आणि मत देणं वेगळं. लग्नात मुलीला पसंती विचारतात आणि तारीख आधीच छापून ठेवतात, त्यातला हा प्रकार. निदान काही जागा आमच्या मताने भरा. प्रत्येक संचालकाला मुदत घाला, संस्थापकालाही. संचालकाविरुद्धची तक्रार ज्याच्याकडे जाईल तो मंडळाबाहेरचा असू दे, आणि त्याला निलंबनापर्यंतचे अधिकार द्या. परतीचीही वाट ठेवा, कारण माणूस बदलतो. पण ती वाट समोरच्या दाराने, सगळ्यांच्या देखत असावी.

तूर्त एकच मागतो. स्टॉलमन यांना परत घेण्याचा ठराव ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करा. कोण हजर होतं, प्रस्ताव कोणी मांडला, कोणी विरोध केला, मतं किती पडली. मराठी अनुवाद मी करून देतो, फुकट. ‘ठराव रद्द करा’ असं कुठे आलंच, तर त्यासाठी शब्दकोश उघडायची मला आता गरज पडत नाही.

आपला,
एक वर्गणीदार सभासद (मत नसलेला)
पुणे